शेवंताकाकीची बाव उपसताना

चारकोप

मी भित्रा माणूस आहे हे आमच्या सोसायटीत फक्त माझ्या बायकोला, सुनीताला, माहीत आहे. बाकीच्यांना मी धाडसी वाटतो. कारण सोसायटीची पाण्याची टाकी धुतात तेव्हा मी तिच्या तोंडाशी उभा असतो. आत उतरणारी माणसं वेगळी. मी वरून 'तो कोपरा राहिला, तो कोपरा' असं ओरडतो. इतकी वर्षं ओरडतोय की टाकी म्हटलं की माझंच नाव निघतं. आधी सगळं पाणी काढायचं, मग गाळ, मग भिंती घासायच्या, मग ब्लीचिंग पावडर. ही आमची पद्धत. चारकोपच्या सेक्टरांत याहून वेगळी पद्धत कुणी ऐकलेली नाही.

सुनीताचं माहेर तळकोकणात, नदीकाठच्या एका वाडीत. तिचे आईवडील आता नाहीत; तिथे राहते तिची शेवंताकाकी, काकीचा मुलगा दिगू आणि सून. या पावसाळ्यात नदी त्या वाडीत शिरली. फोन लागत नव्हता तेव्हा सुनीता गॅससमोर उभी राहून दूध उतू जाताना नुसती बघायची. मी 'होईल गं सगळं ठीक' म्हणायचो. हे माझं ठेवणीतलं वाक्य, कुठेही चालतं. अखेर दिगूचा फोन लागला. माणसं वाचली होती, घर उभं होतं. पण बाव गेली, म्हणाला.

बाव म्हणजे विहीर. वाडीला पिण्याच्या पाण्याची तेवढी एकच. नळयोजनेचा पंप नदीने नेला होता, वाटेतल्या ओढ्यावरचा साकव मोडल्यामुळे टँकर येत नव्हता आणि बावेत पुराचा गाळ बसला होता. पाणी मिळालं नाही तर वाडी सोडायची, ज्याचे जिथे नातेवाईक त्याने तिथे जायचं, असं ठरत होतं. काकीला भांडुपला, सुनीताच्या भावाकडे पाठवायचं. मग काकीने फोन हिसकावून घेतला असावा, कारण आवाज एकदम जवळून आला.

"गो बाय, माका मुंबयक नेव नकात. माका पाणी द्या. मी हयच रवतलंय."

सुनीताने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला आमच्याकडे चर्चा म्हणतात.

सुनीताचा भाऊ राजू. भांडुपला राहतो, स्वतःचा टेम्पो चालवतो आणि जगातल्या कुठल्याही संकटावर 'टेन्शन नको' म्हणतो. तो टेम्पो घेऊन हजर झाला. सोसायटीने सढळ हाताने दिलं: तांदूळ, डाळ, चादरी, पाण्याच्या बाटल्यांची खोकी. एका गृहस्थांनी शाळेच्या टायांची पिशवी दिली. पुरातल्या माणसांनी टायचं काय करायचं हे मी विचारलं नाही. ते कमिटीवर आहेत. गोराईहून आमच्या फाटकाशी मासळी घेऊन येणारी फिलोमिना सुक्या बोंबलांचं गाठोडं घेऊन आली. "घे रे, पूरवाल्यांना दे. चूल पेटली तर भाजून खातील." पावसाळ्यासाठी तिने घरात राखून ठेवलेले बोंबील होते ते.

आणि सोसायटीचा पंप. पार्किंगमध्ये पाणी तुंबतं ते उपसायला आम्ही पेट्रोलवर चालणारा पंप ठेवलेला आहे. राजूने तो एकट्याने उचलून टेम्पोत टाकला.

"भावोजी, पंप आहे, तुम्ही आहात, अजून काय पाहिजे? दोन दिवसांत पाणी झकास."

मी 'हो रे' म्हणालो.

घाट, आणि पुढे साकव

महामार्गाबद्दल मला लिहिण्यासारखं काही नाही, मी तो झोपेचं सोंग घेऊन काढला. घाटात मात्र सोंग टिकेना. डोंगराचं कातडं सोलून काढल्यासारखी लाल माती उघडी पडली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. झाडं मुळं वर करून रस्त्याच्या कडेला पडली होती. एका वळणावर दरीकडचा रस्ता नव्हताच; तिथे चार दगड ठेवून त्यांना चुना फासला होता. तेवढाच आधार. राजूने आपणहून गाणी बंद केली. मला वरचा डोंगर दिसत होता, खालची दरी दिसत होती, पण सगळ्यात जास्त भीती वाटली ती राजू गप्प झाला याची.

"टेन्शन नको म्हण ना," सुनीता मागून म्हणाली.

"थांब गं, रस्त्यावर किती चाकं आहेत ते मोजू दे," राजू म्हणाला.

साकव म्हणजे ओढ्यावरचा, गाडी जेमतेम जाईल एवढा लहान पूल. त्याचे दोन खांब उरले होते. त्यांच्यावर पोफळीची खोडं टाकून, बाजूला दोर बांधून वाडीतल्या लोकांनी वाट केली होती. दिगू आणि आणखी काही जण सामान न्यायला आले होते. दिगूच्या दोन्ही पायांना फडकी बांधलेली. चिखलातल्या काचांनी पाय फाटले होते. पंप बांबूला अडकवून चौघांनी नेला, पालखीसारखा. तांदूळ गेले, चादरी गेल्या, बोंबील गेले, सुनीता पदर खोचून गेली. मग मी. खोडावर घोड्यावर बसल्यासारखा बसलो आणि सरकत निघालो.

"भावोजी, खाली बघू नकात," पलीकडून दिगू ओरडला.

"डोळे मिटलेत रे माझे!"

"मगे उघडा वायच! खोड संपला."

खरंच संपलं होतं. मी जमिनीवर सरकत होतो.

खालची वाडी

आधी वास आला. कुजलेला पेंढा, रॉकेल, मेलेलं काहीतरी, आणि या सगळ्यावर ओल्या मातीचा असा वास की श्वास घेतला की छातीत चिखल भरतोय असं वाटावं. घरांच्या भिंतींवर पुराची रेघ होती. काकीच्या घरात ती दाराच्या चौकटीच्याही वर, देवांच्या फळीला लागून गेली होती. मी हात वर करून बघितलं, पोचला नाही.

काकी ओट्यावर उभी होती. मुळातच चणीने लहान, आता आणखी आक्रसलेली.

"जावयबापू, इलात? पाय धुवूक पाणी..." एवढं बोलून ती थांबली.

माझं लग्न झाल्यापासून त्या ओट्यावर पाय धुतल्याशिवाय मी कधी आत गेलो नव्हतो. तांब्या घेऊन कुणीतरी उभंच असायचं, पाठोपाठ गूळपाणी. चारकोपला आम्ही पाहुण्याला दारातच 'चपला आत घ्या हो, चोरीला जातात' म्हणतो; इथला तो तांब्या मला दर वेळी राजेपण द्यायचा. काकीचे रिकामे हात पदरात गेले. आम्ही सगळे चिखलाचे पाय घेऊन आत गेलो.

त्या दिवशी वाटप झालं, घराघरातला गाळ ओढला. टायांनी संध्याकाळपर्यंत म्हशी बांधल्या गेल्या. त्या गृहस्थांबद्दल मी मनात बोललो होतो ते परत घेतो. पण वाडीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. फावडी चालायची आणि मध्येच सगळी एकदम थांबायची. वाडीच्या पाठीशी डोंगर आहे. त्यावर कुठे दगड घरंगळला, फांदी मोडली, की माणसं मान वर करून उभी राहायची. मग कुणीतरी 'काय नाय, काय नाय' म्हणायचं. पाऊस थांबलेला होता, तरी सगळे पाऊस ऐकत होते. तासाभरात मीही ऐकू लागलो.

सुनीता माळ्यावरची मडकी उतरवायला चढली आणि दिगू ओरडला, "ताये, हात काढ!" मडक्याच्या बुडाशी साप होता, वेटोळं करून, हलत नव्हता. पुराच्या पाण्यातून वर चढून बसलेला.

"तो पण भियाललो असा," काकी खालून म्हणाली. "ऱ्हवांदे त्याका. जायत आपणच."

त्याच माळ्याखाली आमची अंथरुणं होती. 'झोपलो' असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो.

पण त्याआधीचं जेवण सांगायला हवं. बाटलीतल्या पाण्यात शिजवलेली पेज आणि चुलीवर भाजलेले फिलोमिनाचे बोंबील. ओलं सरपण धुमसत होतं, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. काकीने बोंबलाचा तुकडा तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाली, "खयचे गे हे?"

"गोराईचे," सुनीता म्हणाली.

"मुंबयत असले गावतत?" काकीने विचार केला. "तरी माका जावचा नाय हां." आणि हसली. मग आम्ही सगळेच हसलो, जरा जास्तच.

बाव

बाव पोफळीच्या बागेत आहे. गोल, जांभ्या दगडाने आतून बांधलेली, वर कट्टा, कट्ट्यावर कप्पी. पाणी जवळजवळ काठापर्यंत, चहाच्या रंगाचं. वर पानं, एक रबरी चप्पल, फुगलेली कोंबडी.

"आमी बाव उपसतो ती वैशाखात," काकी म्हणाली. "वाडीतले सगळे मिळान. मगे नारळ देतो."

"वैशाखापर्यंत थांबायला वेळ कुठे आहे काकी?" मी म्हणालो.

"होय ता," ती म्हणाली.

दिगूही होय म्हणाला. जमलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. पाण्याची घाई सगळ्यांनाच होती आणि माझ्याकडे पद्धत होती. मी ती समजावून सांगितली: आधी सगळं पाणी काढायचं, मग गाळ, मग घासणं, मग ब्लीचिंग पावडर.

राजूने दोरी ओढली आणि पंप धडधडू लागला. त्या आवाजाबरोबर घराघरातून माणसं बाहेर आली. पुरानंतर वाडीत पहिल्यांदाच काहीतरी जोरात चाललं होतं. पाणी बागेतून ओढ्याकडे पळायला लागलं, बावेत दगडाच्या ओळींमागून ओळी उघड्या पडू लागल्या. काकी कट्ट्याजवळ दगडावर बसली, ती जेवायलाही उठली नाही. दुपार कलली तसा खाली गाळ दिसू लागला.

आता उतरायचं कुणी? दिगूचे पाय तसे. राजूचं पोट शिडीला मानवणारं नाही. वाडीतल्या एकदोघांनी पंचे कमरेला बांधलेही होते, पण राजू म्हणाला, "अरे, एक्सपर्ट आहेत ना आपले! भावोजी टाकीतले दादा आहेत."

सगळे माझ्याकडे बघू लागले. सासुरवाडीची माणसं. काकी. मी टाकीत आजपर्यंत एकदाही उतरलेलो नाही, हे सांगण्याची ती वेळ होती.

"अहो," सुनीता हळूच म्हणाली, "नको."

"होईल गं," मी म्हणालो.

बगलेखालून दोर बांधला. त्याचं टोक राजूच्या हातात. बांबूची शिडी वाकत होती. खाली जाताना आकाश लहान होत गेलं आणि शेवटी ताटाएवढं उरलं, त्यात चार डोकी. गुडघाभर गाळात पाय टेकले तेव्हा गाळाने पाय आत ओढून घेतले. थंडगार. बोललो की आवाज भिंतीला लागून परत यायचा, आणि तो मला अनोळखी वाटायचा. मी घमेल्यात गाळ भरायचो, घमेलं वर जायचं, थेंब माझ्या डोक्यावर पडायचे. देवाचं नाव घेत होतो. मध्येच सोसायटीतल्या सभासदांचीही नावं घेतली असतील.

मग दगडांच्या फटींतून पाणी यायला लागलं. आधी एका ठिकाणी बारीक धार, मग शेजारी, मग छातीच्या उंचीला पिचकारी उडाल्यासारखं. माझा जीव भांड्यात पडला.

"झरे फुटले!" मी ओरडलो. "काकी, झरे फुटले!"

वर एकच आरोळी उठली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकीचा आवाज आला, "देवा, म्हाराजा!" मी हसत त्या पिचकारीखाली हात धरला. पाणी लाल होतं. मला वाटलं, होईल थोड्या वेळात स्वच्छ.

एक खडा टपकन गाळात पडला. मग दुसरा. मी समोर बघितलं. समोरच्या भिंतीला पोट आलं होतं. मघाशी सरळ असलेली दगडांची ओळ आता माझ्याकडे वाकली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. भीती वाटायला हवी होती, तर मला, का कोण जाणे, तिला हाताने मागे ढकलावंसं वाटलं. मी खरंच हात लावला. दगड हातात हलला, दुधाच्या दातासारखा.

"अहो वर या!" सुनीता किंचाळली. वर कट्ट्याभोवतीची जमीन चिरत चालली होती, हे मला नंतर कळलं. "राजू, ओढ! ओढ रे!"

शिडीवर पाय ठेवला तर पाय गाळातून सुटेना. दोराने छाती आवळली, श्वास बंद झाला, आणि मग पाय सुटला, चप्पल आतच राहिली. शिडी माझ्या खालून सरकली. मी भिंतीवर आपटत, खरचटत, पोत्यासारखा वर जात होतो, आणि खालून आवाज आला. पाण्यात काही पडल्याचा आवाज नव्हे तो. कुणी मोठ्याने उसासा टाकावा तसा. पाठोपाठ खालून गार वारा आला, मातीचा.

कुणाकुणाचे हात लागले, कुणी केसांना धरून ओढलं. आम्ही सगळे पोफळींमधून मागे पळालो. मागे वळून बघितलं तेव्हा अर्धा कट्टा नव्हता. कप्पी नव्हती. पंप नव्हता. खाली तो थोडा वेळ धडधडत राहिला आणि गप्प झाला.

माझे डोळे मातीने भरले होते, काही दिसेना. कुणीतरी मला खाली बसवलं.

"उघडू नकात डोळे. वायच थांबा." काकी होती. गार पाणी तोंडावरून ओघळलं. तिने बोटाने पापण्या पुसल्या, पुन्हा पाणी ओतलं. डोळे उघडले तर तिच्या हातात आम्ही आणलेल्या पाण्याची बाटली, जवळजवळ रिकामी, आणि आजूबाजूला उभी असलेली सगळी वाडी जमिनीत मुरत चाललेल्या त्या पाण्याकडे बघत होती.

"तुमका काय लागला नाय मा?" तिने विचारलं.

मला हुंदका आला. इतक्या माणसांसमोर. एरवी मी मराठी मालिका बघतानाही उठून आत जातो.

निघताना

कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. दिगू फक्त म्हणाला, "ताये, आता आयेक घेवन जा." तो आणि त्याची बायको गुरांपाठी वरच्या वाडीच्या शाळेत राहणार होते. तिथे झऱ्याचं पाणी आहे, पण चढ काकीच्या गुडघ्यांना झेपणारा नाही. काकीने हे ऐकलं. हुज्जत घातली नाही. देवांना फडक्यात बांधलं, दोन लुगडी घेतली, माळ्याकडे एकदा बघितलं. साप गेला होता.

पावसाचे ढग पुन्हा डोंगरावर उतरत होते आणि राजू घाई करत होता, पण काकी बावेकडे चालू लागली. तिच्यामागे जायला हवं होतं. माझे पाय तयार नव्हते. तरी गेलो, तिचा दंड धरला. कोण कुणाला सावरत होतं ते सांगता येणार नाही. आम्ही लांबूनच बघितलं. पडलेल्या बाजूला लाल खड्डा, उरलेल्या बाजूला दगड अजून ओळीने उभे. खाली पाणी पुन्हा चढत होतं.

"पाणी उतारला की बांधतले मा, जावयबापू? मी येयन मा परत?"

माझं वाक्य जिभेवर आलं होतं. सवयीने आलं होतं.

"मला माहीत नाही काकी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग पोफळीचं एक खोड धरून, सावकाश, वळली. साकवावर दिगूने तिला पाठुंगळी घेतलं. ती डोळे उघडे ठेवून, मागे बघत पार झाली.

पुन्हा चारकोप

भांडुपच्या खोलीत राजूचीच चार माणसं. काकी आमच्याकडे आली. पंपाचं सोसायटीला सांगितलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनीअर लिफ्टमध्ये म्हणाले, "अहो, पुरानंतर विहीर एकदम रिकामी करतात का? बाहेरची माती पाणी पिऊन फुगलेली असते. आतलं पाणीच भिंतीला आतून धरून असतं." मी म्हटलं, त्या पिचकाऱ्या? ते म्हणाले, "तेच ते. बाहेरचं पाणी भिंत फोडून आत येत होतं." त्यांचा मजला आला. मी गच्चीपर्यंत गेलो आणि परत आलो.

दिगूचा फोन येतो. उरलेली बाजू उभी आहे म्हणतो; वैशाखात पाणी खाली गेलं की वाडी मिळून बांधायला घेऊ म्हणतो. तोवर दोन पाऊस जोरात झाले. रात्रभर पागोळ्या वाजल्या की सकाळी आम्ही कुणीच दिगूला पहिल्यांदा फोन करत नाही. सुनीता म्हणते तुम्ही करा, मी म्हणतो तू कर. काकी फोनपासून लांब जाऊन बसते.

आमच्याकडे पाणी पहाटे येतं. काकी त्याच्याआधी उठते. पहिल्या दिवशी तिने पिंप, बादल्या, घागर भरली. मग कुकर, पातेली, डबे. सुनीता म्हणाली, "काकी, रोज येतं गं पाणी इथे."

"आज इला," काकी म्हणाली. "उद्या येतला कशावरसून?"

सुनीताने भरलेला कुकर बाजूला सरकवून चहाचं आधण ठेवलं. आज सकाळी उठलो तर ओट्यावर जागा नव्हती, टेबलावर नव्हती. वाट्या भरलेल्या, चहाचे कप भरलेले, फुलपात्री, औषधाची टोपणं, सगळं काठोकाठ. न्हाणीघरात माझा दाढीचा मगही भरून, वर बशी झाकून ठेवला होता.

मी बशी उचलली, पाणी बघितलं, बशी परत ठेवली. आणि तसाच, दाढी न करता, कपांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरत कामावर गेलो.